थेरगाथेतील एकांत आणि गावकुसाबाहेरचा वाचक

खुद्दकनिकायातील थेरगाथा हा ग्रंथ आपल्याकडे आदराने उल्लेखिला जातो, परंतु सलग वाचला जातो तो क्वचितच. धम्मपद घराघरांत पोहोचले. सुत्तनिपातातील मंगलसुत्त, रतनसुत्त व मेत्तसुत्त ही वंदनेच्या पुस्तिकांमुळे लहानथोरांच्या मुखी आली. थेरगाथा मात्र पाली विषयाच्या अभ्यासक्रमातील नेमलेल्या उताऱ्यांपुरती राहिली. १८८३ साली ओल्डेनबर्ग यांनी संपादिलेली तिची संहिता पाली टेक्स्ट सोसायटीने प्रसिद्ध केली. पुढे १९१३ मध्ये श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांचा आणि १९६९ मध्ये नॉर्मन यांचा इंग्रजी अनुवाद आला. २६४ थेरांच्या नावे नोंदलेल्या, या संहितेच्या गणनेप्रमाणे १२७९ गाथांच्या संग्रहात एक सूर वारंवार ऐकू येतो. एकट्याने राहावे, डोंगरात राहावे आणि त्यात सुख मानावे, असा तो सूर आहे. या सुखाचे स्वरूप काय, आणि आमच्या समाजातील वाचकाने ते कसे वाचावे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला तो एका विद्यार्थ्याने. काही वर्षांपूर्वी आम्ही महाकस्सप थेरांच्या गाथा शिकवीत होतो. वर्गात फारसा न बोलणारा हा मुलगा तास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, मला माणसांच्या गर्दीत थकल्यासारखे होते. सुटीच्या दिवशी मी एकटाच लेण्यांकडे जाऊन बसतो, तेथे बरे वाटते. घरचे मला एकलकोंडा म्हणतात, चळवळीतले मित्र पळपुटा म्हणतात. या गाथा वाचून मला आनंद झाला, पण एक अडते. माझ्या आजोबांना गावाबाहेर राहावे लागले. हे थेर तर गावाबाहेर राहायला मिळाले म्हणून आनंदतात. मी हे कसे वाचायचे?" त्या वेळी आम्ही कायविवेक, चित्तविवेक, उपधिविवेक हे निद्देसातील तीन प्रकार सांगून त्याची बोळवण केली. उत्तर चुकीचे नव्हते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हांला घरी गेल्यावर जाणवले.

प्रथम शब्दाविषयी. पालीतील 'विवेक' हा शब्द मराठी वाचकाला फसवतो. मराठीत विवेक म्हणजे सारासार विचार. विवेकवाद, विवेकबुद्धी हे शब्द तर आपल्या परिवर्तनवादी लेखनात नित्याचेच आहेत. त्यामुळे 'विवेकसुख' याचा अर्थ विद्यार्थी बिनदिक्कत 'विचार करण्यातील आनंद' असा लिहितात. अशा कितीतरी उत्तरपत्रिका आम्ही तपासल्या आहेत. पालीत विवेक म्हणजे वेगळे होणे, अलग होणे. देहाने गर्दीपासून, चित्ताने विकारांपासून आणि शेवटी सर्व उपधींपासून. बौद्ध विचार बुद्धिप्रामाण्य मानतो हे खरे, पण म्हणून या शब्दातील डोंगर आणि झाडे पुसून टाकण्याचे कारण नाही. कायविवेक ही पायाने चालत जाऊन करावयाची गोष्ट आहे.

आता महाकस्सपांच्या गाथा. चाळीस गाथांच्या निपातात त्या येतात. प्रारंभीच थेर सांगतात, की घोळक्याच्या पुढे मिरवत फिरू नये. मन विचलित होते, समाधी दुर्लभ होते. घराघरांतून मिळणारा मानसन्मान हा चिखल आहे, काढण्यास अवघड असे शल्य आहे. याच्या पुढे काही गाथांनंतर डोंगराचे वर्णन सुरू होते. निळ्या मेघांच्या रंगाच्या शिळा, थंड व स्वच्छ पाण्याचे झरे, मोरांचे केकारव, हत्तींचे चीत्कार, हरणांचे कळप, शेवाळाने झाकलेले खडक. कडव्यामागून कडव्याच्या शेवटी एकच ओळ परतून येते; तिच्यात थेर सांगतात की त्या शिळांत आपले मन रमते. एका गाथेत शिळा इंदगोपकांनी आच्छादल्या आहेत. कोशात पाहिले तर इंद्रगोप म्हणजे एक तांबडा कीटक एवढेच मिळते. आमच्या वाचकाला कोशाची गरज नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर मखमलीसारखा लालभडक किडा निघतो, मुले तो तळहातावर घेतात, तो मृगाचा किडा बहुधा हाच. दुसऱ्या एका ठिकाणी डोंगराला उम्मापुष्पाची, म्हणजे जवसाच्या फुलाची उपमा आहे. ज्याने विदर्भात जवसाचे निळे शेत पाहिले आहे, त्याला थेरांची दृष्टी किती नेमकी होती हे कळेल. हे वर्णन पुस्तकातून उचललेले वाटत नाही.

विंटरनिट्झ यांच्यासारख्या पाश्चात्त्य पंडितांनी थेरगाथेतील निसर्गवर्णनाची मोठी प्रशंसा केली आहे आणि ती सार्थ आहे. पण प्रशंसेबरोबर एक खोडही आली. संकलनांतून या गाथा वेचून घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा डोंगराच्या गाथा घेतल्या गेल्या आणि त्यांच्या आधीच्या गाथा मागे राहिल्या. त्या आधीच्या गाथांत काय आहे?

थेर आपल्या निवासातून खाली उतरतात आणि भिक्षेसाठी नगरात जातात. तेथे एक कुष्ठरोगी जेवीत बसलेला असतो. थेर त्याच्याजवळ आदराने उभे राहतात. तो आपल्या सडलेल्या हाताने एक घास त्यांच्या पात्रात टाकतो, आणि घास टाकताना त्याचे बोटही तुटून पात्रात पडते. थेर एका भिंतीच्या आडोशाला बसून तो घास खातात. खाताना किंवा खाल्ल्यावर त्यांना किळस वाटत नाही, असे गाथा सांगते. त्यानंतर ते डोंगर चढू लागतात.

प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, आणि तो सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. परंपरेनुसार महाकस्सप मगधातील संपन्न ब्राह्मण कुळात जन्मले होते. जातिव्यवस्थेचा पहिला प्रश्न 'हे अन्न कोणाच्या हातचे' हा असतो, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. त्या कुळात जन्मलेला मनुष्य कुष्ठरोग्याच्या हातचा घास खातो, आणि या गाथांच्या क्रमात तो घास आधी येतो, मोरांचा केकारव नंतर. जे संकलक डोंगर ठेवून घास गाळतात, ते थेरांच्या सुखाचा पायाच काढून घेतात. अर्थात येथे आमची एक तक्रार आहे, आणि ती संहितेविषयीच आहे. त्या कुष्ठरोग्याला नाव नाही. त्याने घास का दिला, त्याला काय वाटले, याविषयी एकही पद नाही. सुप्पबुद्ध कुष्ठी याला उदानात नाव मिळाले आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात त्याला स्थान दिले; राजगृहाच्या रस्त्यावरील हा दुसरा मनुष्य मात्र थेरांच्या पात्रात बोट टाकून नाहीसा होतो.

उदानातच महाकस्सपांविषयी आणखी एक सुत्त आहे. ते पिप्फलीगुहेत राहात असताना आजारी पडले. बरे झाल्यावर भिक्षेला निघाले, तेव्हा पाचशे देवता त्यांना भिक्षा देण्यासाठी आतुर झाल्या होत्या. थेरांनी त्यांना नकार दिला आणि ते गेले दरिद्री लोकांच्या गल्लीत, दीनांच्या गल्लीत, विणकरांच्या गल्लीत. देवतांचा भाग ज्याला नको असेल त्याने सोडून द्यावा. विणकरांची गल्ली मात्र उरतेच.

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे अरण्य या शब्दाकडेही नीट पाहता येते. विनयात आरण्यक निवासाची मर्यादा सांगितली आहे ती गावापासून किमान पाचशे धनुष्यांची. हे अंतर सकाळी चालत जाऊन परत येता येईल असेच आहे. भिक्खूने स्वतः रांधावयाचे नाही, साठवावयाचे नाही. कोणी हाताने दिले तरच घ्यावयाचे, तेही मध्याह्नापूर्वी. म्हणजे किती का एकांतप्रिय भिक्खू असेना, दररोज सकाळी त्याला कोणा ना कोणा माणसाच्या दारासमोर मुकाट्याने उभे राहावे लागे. एकांत मिळे तो दुपारनंतरचा. ज्यांनी बौद्ध एकांतवासाला समाजाकडे पाठ फिरवणे म्हटले, त्यांनी हा साधा दिनक्रम विचारात घेतलेला दिसत नाही.

महावग्गात महाकप्पिन थेरांची कथा आहे. राजगृहाजवळ मद्दकुच्छी येथे एकटे बसलेले असताना त्यांच्या मनात आले, की आपण तर परम विशुद्ध आहोत, मग उपोसथाला गेलेच पाहिजे काय? भगवंतांनी त्यांना समज दिली, की तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा मान राखला नाही तर तो कोण राखील, तेव्हा जा. आणि स्वतः महाकस्सप? गर्दी टाळा म्हणणाऱ्या याच थेरांनी महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्खूंना राजगृहात एकत्र आणले आणि पहिल्या संगीतीचे अध्यक्षपद निभावले. आम्हांला यात विसंगती दिसत नाही. असो, स्तुतीही बेताने करावी. त्याच संगीतीच्या वृत्तांतात आनंदांना ज्या गोष्टींबद्दल दोष दिला गेला, त्यांत स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी केलेली शिष्टाई हीही एक आहे. डोंगरावरील सुखाने माणसाच्या सगळ्या गाठी सुटतात असे कोणी समजू नये. शिवाय या गाथांच्या अखेरीस धुतगुणांत आपल्यासारखा दुसरा नाही असा जो उद्गार येतो, तो आम्हांला आजही खटकतो. संहितेत थेर कधी 'मी' म्हणून बोलतात, कधी 'कस्सप चढतो' असे तृतीयपुरुषी. त्यावरून या चाळीस गाथा एका वेळी एका मुखातून आल्या नसाव्यात असे वाटते, आणि तो उद्गार शिष्यांचा असेल अशी समजूत आम्ही करून घेतो.

आता आमच्या बाजूच्या वाचनाकडे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या आरंभी बाबासाहेबांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांत भिक्खूविषयीचा प्रश्न आहे: भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य की समाजाचा सेवक? तो केवळ परिपूर्ण मनुष्य असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा रोख आहे. हा प्रश्न धर्मांतरित समाजाच्या दृष्टीने प्राणभूत होता व आहे. परंतु त्याचे एक सोपे रूप आमच्या सभांतून रूढ झाले. जो माणसांत दिसतो तो धम्माचा आणि जो एकटा बसतो तो पलायनवादी, अशी विभागणी झाली. बाबासाहेबांनी प्रश्न विचारला तो भिक्खूच्या प्रयोजनाविषयी. माणसाच्या स्वभावाविषयी त्यांनी असा निवाडा दिलेला नाही.

तसा निवाडा त्यांच्या चरित्रालाही मानवला नसता. विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत एकटेच वाचत बसत, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर याच केळुसकरांनी त्यांना आपले मराठीतील बुद्धचरित्र भेट दिले. घर परळच्या चाळीत एका खोलीचे. वडील पहाटे दोन वाजता उठवीत, तेव्हा कुठे अभ्यासाला शांतता मिळे. चाळीतल्या मुलाला एकांत मिळत असे तो बागेतल्या बाकावर किंवा पहाटेच्या दोन वाजता. पुढे दादरला त्यांनी पुस्तकांसाठी घर बांधले आणि त्याला नाव दिले राजगृह, हे महाकस्सपांच्या नगराचेच नाव. आजही वस्तीतील एका खोलीत सहासात माणसे राहतात, तेथल्या मुलाने डोंगरावर जाऊन दोन तास बसावेसे म्हटले तर त्याला पळपुटा म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या खोलीत एक दिवस राहून पाहावे.

तरीही विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न शिल्लक आहे. महाकस्सपांना गाव होते, कूळ होते, सोडण्यासारखे पुष्कळ होते. ज्याला गावाने कधी आत घेतलेच नाही, त्याने गावाबाहेरच्या सुखाचे काय करावे? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे वेगळेपण हा विवेक नव्हे; ती शिक्षा आहे. त्या दोन्हींना एकच नाव देणारा अनुवादक कितीही पंडित असला तरी आमच्या दृष्टीने तो असावध आहे.

याचे उत्तर थेरगाथेतच आहे आणि ते आम्हांला त्या दिवशी आठवायला हवे होते. द्वादसकनिपातात सुनीत थेरांच्या बारा गाथा आहेत. सुनीतांची कथा आमच्या समाजात अपरिचित नाही. बाबासाहेबांनी खालच्या मानलेल्यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात तिला जागा दिली आहे. त्या प्रकरणाचा भर दीक्षेवर आहे आणि तो तसा असणे योग्यच. आमची व्याख्यानेही तेथेच थांबतात: वाळलेली फुले वाहून टाकणारा, लोकांनी हिणवलेला, सर्वांपुढे मान वाकवणारा हा मनुष्य, त्याने मगधाच्या महानगरात शिरणाऱ्या तथागतांना पाहिले, खांद्यावरची कावड टाकली, वंदन करण्यास पुढे गेला, त्याच्यासाठी तथागत थांबले, त्याने प्रव्रज्या मागितली आणि 'ये भिक्खू' एवढ्या शब्दांत त्याला उपसंपदा मिळाली. टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो.

पण त्यानंतरची गाथा? तिच्यात सुनीत सांगतात की ते अरण्यात एकटे राहिले, आळस न करता, शास्त्याने उपदेशिल्याप्रमाणे. ही गाथा आम्ही स्वतः कितीतरी वर्षे घाईने ओलांडीत होतो. आता ती आम्हांला सबंध कथेइतकीच महत्त्वाची वाटते. काल ज्याला नगराने बाहेर ठेवले होते तो आज पुन्हा बाहेरच जातो, मग बदलले काय? बदलले हे की मध्ये संघ आला. त्याला हवे तेव्हा जेथे परतता येईल, जेथे उपोसथाला त्याची जागा इतरांच्या बरोबरीची असेल, असे एक घर त्याला मिळाले. अरण्यात जाणे ही आता त्याची स्वतःची गोष्ट झाली. खांद्यावर कावड घेऊन रस्त्याने जाणारा सुनीत माणसांच्या गर्दीत होता, पण कधी एकटाही होऊ शकत नव्हता. प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्याच्या सोबतीला होती. नजरेवाचून बसण्याचा अधिकार त्याला प्रव्रज्येनंतर मिळाला. रात्रीच्या तीन प्रहरांत त्यांना जे तीन ज्ञानलाभ झाले त्यांचे वर्णन गाथांत पुढे येते. त्याचा विचार येथे करीत नाही, तो वेगळा विषय आहे.

याचा अर्थ जो जो उठून रानात जाईल त्याला सुख मिळेलच असा नाही. मेघिय थेरांना नदीकाठची आमराई आवडली, भगवंत 'थांब' म्हणत असता ते हट्टाने गेले, आणि तेथे त्यांच्या मनात काम, द्वेष व हिंसेचे विचार दाटून आले. परतल्यावर त्यांना पहिली गोष्ट सांगितली गेली ती कल्याणमित्राची. संयुत्तनिकायात मिगजालांना सांगितले आहे की मनुष्याची 'दुसरी' सोबतीण तृष्णा आहे. ती बरोबर असेल तर रानातला मनुष्यही एकटा नव्हे, ती सुटली असेल तर भिक्खू, उपासक, राजे यांच्या गर्दीतला मनुष्यही एकटाच. हे सुत्त अनेकदा डोंगराची गरज नाही असे दाखवण्यासाठी उद्धृत होते. आम्ही ते तितक्या उत्साहाने वापरू इच्छित नाही. वृद्ध महाकस्सपांना भगवंतांनी जेव्हा जाडीभरडी पांसुकूल चीवरे सोडून जवळ येऊन राहण्यास सुचविले, तेव्हा थेरांनी अरण्य न सोडण्याची दोन कारणे सांगितली: एक, या जीवनातील स्वतःचा सुखविहार, दुसरे, पुढे येणाऱ्या लोकांविषयीची अनुकंपा. स्वतःचे सुख त्यांनी पहिले सांगितले आणि त्याबद्दल संकोच केला नाही. आमच्यातील अबोल, एकट्याने रमणाऱ्या मुलामुलींना ही दोन्ही कारणे त्याच क्रमाने शिकवावीत असे आम्हांला वाटते.

कान्हेरीच्या शिलालेखांत त्या डोंगराचे नाव कण्हसेल असे येते. सेल म्हणजे शिळा, डोंगर. महाकस्सपांच्या गाथांतील शब्द तोच. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत, दारांशी बसायला दगडी बाक आहेत, पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी आहेत, आणि कल्याण व सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दाननोंद आहे. आमचा तो विद्यार्थी सुटीला जाई तो तेथेच. सुनीतांच्या बारा गाथा आम्ही त्याला उतरवून दिल्या, त्या त्याने एका बाकावर बसून वाचल्या, असे त्याने पुढच्या आठवड्यात सांगितले. गाथांच्या शेवटी रात्र सरून सूर्योदय होत असता इंद्र आणि ब्रह्मा हात जोडून सुनीतांपुढे उभे राहतात. त्यावर तो म्हणाला, "सर, बाकी सगळे पटले. पण रात्रभर बसून पहाटे जरा निवांत झाले, तोच पाहुणे आले. थेरांना एकटे काही कोणी राहू दिले नाही."